वाचक विचारतात : पट पुण्यात, खेळाडू देशोदेशी

प्रश्न : मी कोथरूडहून ‘फाउंड्री’ या ऑनलाइन पटाच्या सॉफ्टवेअरवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका वठवण्याचा खेळ चालवतो. पाच खेळाडू बंगळूर, लंडन आणि न्यू जर्सीत आहेत. ब्रॉडबँड १०० एमबीपीएसचं, तरी नवा नकाशा उघडला की सगळे ताटकळतात. त्यात नेटची कंपनी बदलल्यापासून कुणाला आतच येता येत नाही.

उत्तर : ही दुखणी दोन आहेत. फाउंड्री तुमच्या लॅपटॉपवर चालतं आणि पाचही जण नकाशा तिथूनच उतरवून घेतात. म्हणून डाउनलोडचा आकडा सोडा, अपलोड मोजा. पीएनजी प्रकारच्या चित्रातला १० एमबीचा नकाशा पाच जणांना पाठवायचा म्हणजे ५० एमबी, अर्थात ४०० मेगाबिट. अपलोड १० एमबीपीएस मिळत असेल तर ४० सेकंद गेले. तोच नकाशा वेबपी या आटोपशीर चित्रप्रकारात १ एमबीवर आणा, चार सेकंदांत काम होतं. नकाशावरच्या एका चौकोनाच्या बाजूला १०० पिक्सेल पुष्कळ झाले. ३० बाय २० चौकोनांच्या गुहेला ३००० बाय २००० पिक्सेल पुरतात. छपाईसाठीची फाइल जशीच्या तशी चढवणं हीच नेहमीची चूक. शिवाय मंडळी खेळातल्या सराईमध्ये गप्पा मारत असतानाच वरच्या पट्टीतल्या पुढच्या सीनवर (म्हणजे पुढच्या नकाशावर) राइट क्लिक करून तो प्रीलोड करून, म्हणजे आधीच पाठवून टाका.

आत न येता येण्यामागे बहुधा सीजीनॅट असावं. यात कंपनी एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा पत्ता) अनेक घरांना मिळून देते. मग राउटरवर फाउंड्रीचा ३०००० क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांसाठीचं दार, उघडा नाहीतर आणखी काही करा, बाहेरचा माणूस तुमच्या दारापर्यंत पोचतच नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावरचा वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) आणि ‘व्हॉट इज माय आयपी’ शोधल्यावर दिसणारा पत्ता ताडून पाहा. दोन्ही वेगळे निघाले आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगवर, म्हणजे राउटरचं ते दार उघडण्यावर, रात्र घालवू नका. कंपनीकडून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) घ्या, टनेल (मधल्या सर्व्हरमार्फत जोडणी) लावा किंवा फाउंड्री भाड्याच्या सर्व्हरवर ठेवा. आमचं मत सर्व्हरच्या बाजूने, कारण त्यात अपलोडचं दुखणंही जातं.

प्रश्न : आम्ही शनिवारी रात्री साडेआठला बसतो. मार्चमध्ये अमेरिकेतले दोघे तासभर आधीच हजर! (औंध)

उत्तर : त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातं, ब्रिटनचं शेवटच्या रविवारी. आपलं जागचं हलत नाही. तुमचे साडेआठ न्यू जर्सीत हिवाळ्यात सकाळचे दहा, उन्हाळ्यात अकरा. वेळ पुण्याचीच धरा आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर ‘इव्हेंट’ टाका. ज्याला त्याला आपापली वेळ दिसते.

प्रश्न : वीज गेली की खेळ अर्धवट राहतो. राउटरला छोटा यूपीएस घेऊ का? (सिंहगड रस्ता)

उत्तर : घ्या, पण अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून, बरेच राउटर १२ व्होल्टचे असतात, सगळे नाहीत. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप हवा. आणि इमारतीच्या जिन्यातल्या केबलवाल्याच्या स्विचला (घरोघरी नेट वाटणाऱ्या डब्याला) बॅकअप आहे का, हे आधी विचारा. तो बंद पडला तर तुमचा यूपीएस नुसता दिवे लावून बसेल.