पार्थेनॉनचा 'जीर्णोद्धार' म्हणावे का?

प्रश्न थोडक्यात असा: अथेन्सच्या अक्रोपोलिसवरचा, म्हणजे तिथल्या प्राचीन देवळांच्या टेकडीवरचा, एक लेख मराठीत आणताना प्रश्नकर्त्या ताईंनी 'पार्थेनॉन मंदिराचा जीर्णोद्धार १९७५ पासून सुरू आहे' असे वाक्य लिहिले. कुणी हरकत घेतली नाही, पण त्यांना स्वतःलाच ते खटकत राहिले आणि का खटकते ते सांगता येईना. शिवाय मूळ लेखात 'अ‍ॅनास्टायलोसिस' हा शब्द पानोपानी आहे. त्याला मराठीत काय म्हणावे, 'पुनर्बांधणी' चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, तुम्हाला खटकले ते अगदी योग्य ठिकाणी खटकले. शब्दाची फोड करून पाहिली तर मात्र कुठेच चूक सापडणार नाही. 'जीर्ण' हा शब्द 'जॄ' धातूवरून आला. झिजणे, म्हातारे होणे आणि पचणे असे त्याचे अर्थ. जरा, जर्जर आणि आपले रोजचे अजीर्ण ही सगळी त्याचीच भावंडे. 'उद्धार' म्हणजे उद् + हृ, वर काढणे. झिजलेल्याला वर काढणे म्हणजे जीर्णोद्धार. जमिनीवर पडलेला खांब उचलून पुन्हा उभा करायचा, याला याहून नेमका शब्द कुठला असणार? पण शब्द फोडून जे मिळते त्यापेक्षा तो कुठे राहिला, कुणाच्या तोंडी वाढला, हे जास्त मोलाचे असते.

आमच्या गावच्या ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार मी लहानपणी पाहिला. कौलारू देऊळ, शेणाने सारवलेला सभामंडप, सागवानी खांब. एका खांबावर घोडा कोरलेला होता. पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे हात फिरून त्याचे नाक-डोळे गेले होते, फक्त मानेचा बाक तेवढा बोटांना लागायचा. देवाला विधिपूर्वक कलशात आणले, कलश शेजारच्या घरात ठेवला, देऊळ उतरवले. दोन वर्षांनी स्लॅबचा मंडप आणि नवे शिखर उभे राहिले, प्राणप्रतिष्ठा झाली, कलशारोहण झाले, सगळा गाव जेवला. जुने खांब विहिरीमागे पडले होते. मी गुरवकाकांना विचारले, "काका, हे खांब ठेवता आले नसते का?" ते म्हणाले, "अरे, खांबांचं काय घेऊन बसलास? देव तोच आहे ना!"

त्या घोड्यासाठी मला आजही वाईट वाटते. पण भाषेच्या बाजूने गुरवकाकांचे म्हणणे सोळा आणे खरे होते. जीर्णोद्धारात देव तोच राहतो, पूजा तीच राहते, इमारत बदलली तरी चालते. जीर्ण वस्त्र टाकून नवे घेण्याचा दृष्टांत आपल्याकडे आत्म्याला लावतात, तो इथे देवाला लागू होतो. १७८० साली अहिल्याबाई होळकरांनी काशीला विश्वेश्वराचे देऊळ बांधले ते नवेच, तरी मराठी माणूस त्याला बिनदिक्कत जीर्णोद्धार म्हणतो. त्यात काही चूक नाही, कारण उद्धार झाला तो देवस्थानाचा.

आता पार्थेनॉनकडे या. इसवी सनापूर्वी ४४७ साली अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या काळात काम सुरू झाले. इक्तिनोस आणि कल्लिक्रातीस हे वास्तुकार, फिडियस हा शिल्पकार. आत अथीना पार्थेनोस, म्हणजे कुमारी अथीना या देवीची, सुमारे १२ मीटर उंचीची सोन्याची आणि हस्तिदंताची मूर्ती होती. मूर्ती कधीच नाहीशी झाली. देवळाचे चर्च झाले, त्यात मरियमची पूजा चालली. पंधराव्या शतकात ऑटोमन तुर्कांची सत्ता आली आणि मशीद झाली. २६ सप्टेंबर १६८७ ला व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा आत साठवलेल्या दारूगोळ्यावर पडला आणि मधला भाग उडाला. उरलेल्यातली बरीच शिल्पे ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने १८०१ पासून उतरवून नेली, ती १८१६ साली ब्रिटिश सरकारने विकत घेऊन ब्रिटिश म्युझियमला दिली.

आज तिथे जे काम चालले आहे ते अथीनेला परत आणून बसवण्यासाठी नाही. प्राणप्रतिष्ठा होणार नाही, कलश चढणार नाही, छपरसुद्धा घालणार नाहीत. सगळी धडपड दगडांसाठी आहे. माझ्या मते तुमच्या कानाला खटकले ते हेच. जीर्णोद्धारात देव तोच हवा, दगड बदलला तरी चालतो. अक्रोपोलिसवर दगड तोच हवा, देव नसला तरी चालते.

आता तुमचा दुसरा शब्द. 'अ‍ॅनास्टायलोसिस' हा इंग्रजीतून आलेला उच्चार. आजचे ग्रीक लोक 'अनास्तीलोसी' म्हणतात. 'अना' म्हणजे वर आणि पुन्हा, दोन्ही. पुढचा भाग 'स्तीली'वरून, म्हणजे उभ्या रोवलेल्या शिळेवरून आला. आपल्या वीरगळासारखी शिळा डोळ्यांसमोर आणा. इंग्रजी लेखनामुळे पुष्कळ जण तो 'स्तीलोस' म्हणजे खांब या शब्दाशी जोडतात. अर्थाने ते फार दूर नाही, पण मूळ शिळेचे आहे. तेव्हा शब्दशः 'पुन्हा उभे रोवणे'.

या शब्दाचा ग्रीकमधला आणखी एक उपयोग कळला तेव्हा मला फार आनंद झाला. आठव्या-नवव्या शतकात बायझन्टाइन साम्राज्यात धर्मचित्रांवर बंदी होती. ८४३ साली ती उठली आणि चित्रे पुन्हा चर्चमध्ये लागली. त्या घटनेलाही ग्रीक भाषेत 'चित्रांची अनास्तीलोसी' म्हणतात आणि तिचा सण आजही पाळतात. म्हणजे या शब्दालाही एकेकाळी पुनःप्रतिष्ठेचा वास होता! आपला उद्धारातला 'उद्' आणि त्यांचा 'अना' दोघेही 'वर'च म्हणतात. दोन्ही शब्द एकाच प्रकारच्या भक्तीतून गेले. पुढे ग्रीक शब्द पुरातत्त्वाच्या हाती पडून दगडापुरता नेमका झाला, आपला देवाजवळ राहिला.

तो नेमका कसा झाला, हे त्याच टेकडीवरच्या एका छोट्या देवळावरून कळते. अक्रोपोलिसवर चढताना उजव्या हाताला बुरुजावर अथीना निकेचे देऊळ आहे. पुढे चार खांब, मागे चार खांब, एवढेच. १६८६ साली तुर्कांनी ते उतरवले आणि त्याचे चिरे तोफांच्या मोर्चाच्या भिंतीत घातले. ग्रीस स्वतंत्र झाल्यावर १८३५ मध्ये ती भिंत पाडताना आतून खांबांचे तुकडे, तुळया, कोरीव पट्ट्या असे एकेक निघू लागले. लुडविग रॉस, शाउबर्ट आणि हॅन्सन या तिघांनी ते जुळवून देऊळ पुन्हा उभे केले. पुढे १९३५ ते १९४० मध्ये बालानोस आणि त्यांच्यामागून ओर्लांदोस या ग्रीक तज्ज्ञांनी ते पुन्हा उतरवून बांधले, आणि २००० ते २०१० मध्ये तिसऱ्यांदा. एकाच देवळाची तीनदा अनास्तीलोसी!

तीनदा का? एक कारण असे, की 'तोच दगड' एवढे पुरत नाही, 'त्याच जागी' हेही लागते. पार्थेनॉनवर हे अधिकच जाणवते. तिथली सरळ दिसणारी रेघ मुळात सरळ नाही. जोते मधोमध किंचित फुगीर आहे, लांब बाजूला सुमारे ११ सेंटीमीटरने. खांब आत कललेले आहेत, त्यांचे पोट थोडे फुगलेले आहे. त्यामुळे वरवर सारखे दिसणारे दोन चिरे कधीच सारखे नसतात आणि प्रत्येकाची जागा एकच असते. खांब एकसंध नाहीत. जात्याच्या तळ्या एकावर एक रचाव्यात तसे गोल दगड रचलेले, आणि जात्याच्या तळीला मधोमध खिळा असतो तशी इथे दोन दगडांच्या मध्ये लाकडी खुंटी. चुना नाही, माती नाही. भिंतींचे चिरे लोखंडी चापांनी जोडून त्यावर शिसे ओतलेले. शिशाने हवा-पाणी अडवले म्हणून ते लोखंड शतकानुशतके गंजले नाही.

निकोलाओस बालानोस यांनी १८९८ पासून पुढे चाळीसेक वर्षे इथे काम केले आणि उत्तरेकडची खांबांची रांग उभी केली. त्यांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. पण त्यांनी नवे चाप घातले ते शिशाशिवाय. लोखंड गंजले, गंजून फुगले आणि त्याने आतून संगमरवर फोडला. शिवाय उत्तर रांगेतले बरेच दगड दुसऱ्याच जागी लागले होते. १९७५ साली ग्रीक सरकारने अक्रोपोलिसच्या स्मारकांच्या जतनासाठी समिती नेमली. मानोलिस कोरेस यांच्यासारख्या वास्तुकारांनी आवारात विखुरलेले तुकडे मोजून, चापांच्या खाचा जुळवून, झिजेच्या खुणा पाहून कुठला दगड कुठला ते ठरवले. मग जुने काम उतरवायचे, गंजके लोखंड काढायचे, टायटॅनियम घालायचे आणि दगड जिथल्या तिथे ठेवायचा. 'जिथल्या तिथे' हे आपल्या घरात रोज ऐकू येणारे शब्द. अनास्तीलोसीचा अर्धा अर्थ त्यांतच आहे.

जिथे तुकडा हरवला आहे तिथे पेन्तेली डोंगराचाच नवा संगमरवर लावतात. प्राचीन पाथरवटांनी दगड आणला तोही याच डोंगरातून. मी तिथे एका खांबापाशी बराच वेळ उभा होतो. जुना भाग मधाच्या रंगाचा, खडबडीत. त्याच्या पोटात नवा तुकडा पांढराशुभ्र बसवलेला, आणि खांबाची उभी खाच जुन्यातून नव्यात कुठेही न अडखळता उतरलेली. विशेष म्हणजे मोडलेला जुना दगड तासून सपाट केलेला नव्हता. त्याच्या मोडीचा उंचसखलपणा जसाच्या तसा नव्या दगडात उलटा कोरून घेतला होता. हरवले ते दगडातून भरायचे, पण उरलेल्याला टाकी लावायची नाही. असे काम पाहिल्यावर त्याला सैलसर शब्द वापरायला मन धजत नाही.

म्हणूनच 'पुनर्बांधणी' नको. १९३१ साली स्मारकांच्या जतनाविषयी अथेन्सलाच भरलेल्या परिषदेच्या ठरावांत अनास्तीलोसी हा शब्द आला, आणि १९६४ च्या व्हेनिस सनदेने, म्हणजे स्मारकांच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने, तर स्पष्ट भेद केला: पुनर्बांधणी मुळातच वर्ज्य, मान्य ती फक्त अनास्तीलोसी, म्हणजे उपलब्ध पण सुट्या झालेल्या भागांची पुन्हा जुळणी; आणि भर घातलेला भाग ओळखू आला पाहिजे. ज्याला मनाई आहे त्याचेच नाव परवानगी असलेल्या गोष्टीला दिले तर तुमच्या लेखाचा अर्थच उलटा होईल. 'पुनर्रचना' मला पटत नाही, कारण ती आपण समित्यांची आणि अभ्यासक्रमांची करतो, रचना बदलण्यासाठी.

माझी पसंती 'पुनरुभारणी'ला आहे. शब्द मी घडवलेला नाही, तो वापरात आहे. 'उभा' हा संस्कृत 'ऊर्ध्व'पासून प्राकृत 'उब्भ' होऊन आपल्याकडे आला. त्यामुळे ग्रीक 'अना'चे दोन्ही अर्थ यात मिळतात: 'पुनर्'मध्ये पुन्हा आणि 'उभारणी'मध्ये वर. संस्कृत उपसर्ग मराठी शब्दाला कसा लावायचा, असे कुणी म्हणेल, पण 'पुनर्बांधणी' आपण पचवली आहे. मात्र लेखात पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ खर्चून अर्थ सांगा: मूळचेच दगड, मूळच्याच जागी. तेवढ्याने तो शब्द पारिभाषिक होईल.

'कॉन्झर्व्हेशन' येईल तिथे 'जतन' पुरे. सरकारी कागदांत 'जतन व संवर्धन' असा जोड असतो, पण संवर्धन म्हणजे वाढवणे. झाडांचे, मत्स्यबीजाचे ठीक आहे. पार्थेनॉन वाढवायचे नाही. 'रिस्टोरेशन'ला सर्वसाधारण अर्थी 'जतन-दुरुस्ती' म्हणा. 'पुनर्स्थापना' लिहिणार असाल तर एवढे पाहा: 'पुनर्' पुढे कठोर व्यंजन आले की विसर्ग होतो, म्हणून 'पुनःस्थापना', 'पुनःप्रतिष्ठा'. मृदू व्यंजन किंवा स्वर आला की 'पुनर्', म्हणून 'पुनर्जन्म' आणि 'पुनरुभारणी'.

राहिला 'मंदिर' शब्द. तो बदलू नका, हवे तर 'देऊळ' करा. ग्रीक 'नाओस' हा 'राहणे' या अर्थाच्या क्रियापदाशी जोडलेला आहे, म्हणजे देवाचे राहते घर. आपला 'देऊळ' हा 'देवकुल'चा देउल होऊन आला, तोही देवाचे घरच. इथे दोन्ही भाषा इतक्या जवळ आल्या आहेत की दुसरा शब्द शोधायला नको.

तुमचे वाक्य मी असे लिहीन: 'पार्थेनॉन या देवळाच्या जतन-दुरुस्तीसाठी १९७५ साली समिती नेमली गेली, सुटे झालेले मूळचे दगड मूळच्याच जागी बसवून त्याची पुनरुभारणी केली जात आहे.' लांबले आहे खरे, पण जमले तर 'मूळच्याच'मधला 'च' तेवढा काढू नका.