‘स्टॅट’ म्हणजे जागच्या जागी

राजापूरहून विचारणा आहे: विंचवाच्या दंशासाठी दाखल केलेल्या मुलाच्या केसपेपरवर औषधाच्या नावापुढे ‘स्टॅट’, म्हणजे ‘प्राझोसिन स्टॅट’, असं लिहिलं होतं, हा ‘स्टॅट’ आला कुठून आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

आधी कटकट मिटवू. हा ‘स्टार्ट’ नव्हे. तसं वाचलं की एकदाच घ्यायची गोळी रोज सुरू होते. स्टॅट म्हणजे एकच डोस, आत्ताच्या आत्ता. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर रुळवलेलं प्राझोसिन हातपाय गरम होईपर्यंत दर 3 तासांनी पुन्हा देतात खरं, पण ते ‘पुन्हा’ वेगळं लिहावं लागतं. स्टॅटमध्ये ते येत नाही. आणि चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून स्टॅट ‘फोडून’ दाखवणाऱ्यांनी आता पुरे करावं. ती जुळवाजुळव मागाहूनची आहे.

मूळ शब्द लॅटिन ‘स्टाटिम’, म्हणजे लगेच. धातू ‘स्टारे’, उभं राहणं. आपल्या संस्कृत ‘स्था’चा सख्खा भाऊ. गंमत पुढे आहे. प्लाउटस या प्राचीन रोमन नाटककाराच्या ‘अँफिट्रुओ’ नाटकात रात्र सरता सरत नाही, तेव्हा सोसिया नावाचा गुलाम कुरकुरतो की तारे ‘स्टाटिम’ उभे आहेत. म्हणजे ढिम्म! मग ढिम्म उभं राहण्याचा शब्द नर्सला पळवायला कसा लागला? ‘कालांतराने अर्थ बदलला’ म्हणून हात झटकणाऱ्यांनी जरा मराठी ऐकावी. भीतीनं माणूस जागच्या जागी थिजतो आणि भांडणाचा निकालही जागच्या जागी लागतो. पाय हलायच्या आत झालं, ते लगेच झालं. ‘उभ्या उभ्या येऊन गेले’ यातही तेच. म्हणून परिभाषावाल्यांचं ‘तत्काळ’ मला फिकं वाटतं. त्यात काळ आहे, पाय कुठेत? मालवणी ‘बेगीन’ गोड खरं, पण ते वेगातून आलेलं. त्याचं घराणंच वेगळं.

ओपीडीबाहेर नातेवाईक ‘तिष्ठत’ असतात ना, तेही याच ‘स्था’चं रूप. आत स्टॅट, बाहेर तिष्ठत, धातू एकच!

हां, मराठीत काय लिहायचं ते राहिलंच. ‘आत्ता, एकदाच’ असं लिहा. ‘एकदाच’ लॅटिनमध्ये नाही, ती दवाखान्याची भर. पण गोळी घेणाऱ्याला तीच लागते, ती गाळू नका.