डोळे तपासले, नंबर बरोबर, तरी तिन्हीसांजेला बाबांना दिसत का नाही?

तुम्ही लिहिलंय की बाबांना कॅन्सरच्या दुखण्यासाठी दीड वर्ष मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत. बेळगावात डोळे दाखवले, नंबर बरोबर निघाला, मोतीबिंदूही नाही. तरी संध्याकाळी स्टँडवर खानापूरच्या बसची पाटी त्यांना वाचता येत नाही, आणि घरचे म्हणतात, 'उगीच करतात.' आधी हेच सांगतो: ते उगीच करत नाहीत.

माझ्या आत्याला निपाणीत हेच औषध तीन वर्षं होतं. सोप्यात बसून तांदूळ निवडायची. दिवे लागायच्या वेळेला तिला खडा कुठला नि तांदूळ कुठला ते कळेना. जवळ बसून पाहिलं, तर अंधारून आलं तरी बाहुली मोहरीएवढीच. मॉर्फिनची गुंगी, मळमळ सवयीने उतरते. बाहुली आकसणं आणि बद्धकोष्ठ मात्र सहसा हटत नाहीत. बाहुली उघडलीच नाही तर मंद उजेडात डोळ्यात प्रकाश जाणार किती?

दुसरी गोष्ट मेंदूतली, आणि ती नंबर काढताना सापडत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला दृष्टीचं केंद्र असतं. तिथली एक पेशी उभ्या रेषेला जागी होते, दुसरी तिरप्या. मांजरांवर काम करून ह्यूबेल आणि वीझल यांनी हे दाखवलं; १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. पुढे मांजरांना बरेच दिवस मॉर्फिन देऊन याच पेशी तपासल्या, तेव्हा त्यांची ही निवड बोथट झालेली दिसली. समोर काही नसतानाही त्या जास्त सळसळत होत्या. पेशींना आवर घालणारं गाबा नावाचं रसायन कमी पडतं, असा संशोधकांचा रोख आहे. मांजराचं सगळं जसंच्या तसं बाबांना लावू नका, पण पाटीवरचं अक्षर म्हणजे शेवटी रेषा आणि वळणंच.

गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका, हात जोडून सांगतो. एकदम तोडल्या तर दुखणं उसळतं, डोळ्यांतून पाणी येतं, बाहुल्या मोठ्या होऊन उजेड सोसवत नाही. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनाच हा त्रास सांगा. डोस बदलायचा का ते तेच ठरवतील. डोळ्यांच्या डॉक्टरांना फिकट अक्षरांची, म्हणजे कॉन्ट्रास्टची तपासणी करायला सांगा, कारण नंबर काढतात तो तक्ता पांढऱ्यावर काळा असतो. तोवर न्हाणीघरात आणि पायरीजवळ चांगला दिवा लावा.

आत्याच्या उंबऱ्यावर आम्ही पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा मारला होता. त्यानंतर ती तिथे अडखळली नाही.