‘द बिग स्लीप’: आधी १९४६ची आवृत्ती लावा

‘द बिग स्लीप’ या जुन्या हॉलिवूड रहस्यपटाची वॉर्नर स्टुडिओची डिस्क घेतलीत, बरं केलंत. तिच्यावर दोन आवृत्त्या आहेत: १९४५ची, परदेशी तैनात अमेरिकी सैनिकांना दाखवलेली, आणि १९४६ची, थिएटरात लागलेली. आधी दुसरीच लावा. जुनीत सरकारी वकिलाच्या कचेरीत सगळा गुंता उलगडून सांगितलाय. नवीत तो प्रसंग कापून नायक-नायिका बोगार्ट-बकॉलची जुगलबंदी वाढवली. कथा धूसर झाली खरी, पण मजा तिथंच आहे. कथेतल्या ड्रायव्हरला कोणी मारलं हे शोधत बसू नका. खुद्द मूळ कादंबरीकार चँडलरलाही ते सांगता आलं नाही म्हणतात! आणि हो, चित्र ताणून टीव्हीभर पसरवू नका, बाजूच्या काळ्या पट्ट्या असू द्यात. टीव्हीचं मोशन स्मूदिंगही (हालचाली जास्तच गुळगुळीत दाखवणारं सेटिंग) बंद करा, नाहीतर सिनेमाची पार टीव्ही मालिका होते.