आदिवासींच्या आरोग्य पाहणीची तयारी करताना तुम्ही विचारलंत: आदिवासी कष्टाळू असतात, साधं खातात. मग त्यांना मेटाबॉलिक सिंड्रोम (पोटाचा घेर, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी एकत्र बिघडणं, ज्यातून मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो) का होतो, जनुकांमुळे की सवयींमुळे? पाहणीच्या प्रश्नावलीत काय विचारावं?

तुम्ही हे दोनच पर्याय दिलेत. मी पाण्यापासून सुरुवात करतो.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात पिमा नावाचे आदिवासी नदीच्या पाण्यावर शतकानुशतकं शेती करत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला वसलेल्या गोऱ्यांनी ते पाणी वळवलं. शेती बसली, उपासमार झाली आणि पुढे सरकारी मदत म्हणून मैदा, साखर, चरबी घरात आली. त्यांचेच भाऊबंद मेक्सिकोच्या डोंगरांत शेती करत राहिले. २००६ मध्ये दोघांची तुलना प्रसिद्ध झाली. मेक्सिकोत मधुमेहाचं प्रमाण सुमारे ७ टक्के, ॲरिझोनात ३८! रक्त बरंचसं एकच.

जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ मध्ये ‘काटकसरी जनुका’ची कल्पना मांडली होती. दुष्काळात जीव वाचवणारं जनुक सुकाळात उलटतं, असं तिचं सूत्र. जनुकांचा वाटा शून्य आहे असं मी म्हणत नाही, पण ‘त्यांच्या रक्तातच आहे’ म्हणून हात झटकायला ही कल्पना फार सोयीची पडते.

१९८४ साली छापून आलेला ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग जरूर वाचा. मधुमेह असलेले १० आदिवासी सात आठवडे आपल्या मुलखात शिकार, मासे, कंदमुळं यांवर राहिले. वजन सरासरी ८ किलोंनी उतरलं, उपाशीपोटीची साखर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) साधारण २०९ वरून ११९ वर आली. आहार आणि हालचाल दोन्ही एकदम बदलली होती, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला हे वेगळं काढता येत नाही. पण रान हातचं गेलं की या दोन्ही गोष्टी एकदमच जातात, हेही त्यातून दिसतं.

आता प्रश्नावलीकडे. कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) आणि चांगलं कोलेस्टेरॉल (एचडीएल) या पाचपैकी तीन बिघडले की मेटाबॉलिक सिंड्रोम. नुसत्या वजनावर जाऊ नका. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, असे लोक सहज निसटतात. तंबाखू, दारू विचाराच, ते सगळेच विचारतात. ‘तुम्ही कष्ट करता का?’ याला मात्र सगळे हो म्हणतील. मजुरीचे किती महिने, रिकामे किती, हे विचारा. पैसे हातात येतात त्या आठवड्यात काय शिजतं आणि संपत आल्यावर काय, हेही. धान्य स्वस्त आणि डाळ-भाजी महाग असली की पोट कशाने भरणार, ते उघड आहे.

जन्माच्या वेळचं वजन माहीत असेल तर टिपून ठेवा. आईच्या पोटात उपाशी राहिलेलं बाळ पुढे पोटभर खाऊ लागलं की त्याला हा धोका जास्त असतो.

रक्तदाब दुखत नाही. तो मोजायला दिवसाची मजुरी बुडवून कोण जाईल? म्हणून ‘शेवटचा कधी मोजला?’ याच्याच खाली ‘त्यासाठी किती लांब गेलात, त्या दिवशी काम बुडालं का?’ हे दोन प्रश्न घाला.

आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, की तुमच्या लहानपणी ताटात असलेलं काय आता मिळत नाही, आणि ते कधीपासून.