प्रार्थनेत देवाचा आवाज ऐकूच येत नाही, ऐकायला शिकायचं कसं?

तुम्ही लिहिलंय, रोज अर्धा तास प्रार्थना करता, पण पलीकडून काहीच येत नाही. त्या अर्ध्या तासात बोलतं कोण? माझ्यापुरतं सांगतो : मीच. वसईच्या किनारपट्टीवरच्या वाडवळ ख्रिस्ती घरातला मी. जपमाळ, मिस्सा (चर्चमधली उपासना), उपवासकाळ, काही चुकलं नाही. ऐकणं मात्र चाळिशीनंतर शिकतोय, तेही पप्पांमुळे.

गेल्या उन्हाळ्यात पप्पा रोज संध्याकाळी ओट्यावर बसून एकच म्हणायचे, "यंदा विहिरीचं पाणी मचूळ लागतंय." समुद्र जवळ, त्यात उपसा वाढला की आमच्याकडच्या विहिरी खारट होतात. यात नवल काही नाही. माझं उत्तर तयार : टँकर मागवू, फिल्टर बसवू. ते गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा वीज गेली होती, मोबाइलही मेलेला, म्हणून मी नुसता बसून राहिलो. बऱ्याच वेळाने, विहिरीकडे बघत ते म्हणाले, "बुजवायची ठरवलीत ना तुम्ही भावांनी?" (बोलले वाडवळीत, इथे शुद्ध करून लिहितोय.) आमचं फोनवरचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं. आणि मी महिनाभर त्यांना फिल्टरचे भाव सांगत होतो! त्याच महिन्यात प्रार्थनेत 'जागेचा व्यवहार नीट होऊ दे' म्हणत होतो, आणि देव गप्प का म्हणून कुरकुरत होतो.

बायबलमधली शमुवेलची गोष्ट पुन्हा वाचा, त्याच्या नावाच्या पहिल्या पुस्तकाचा ३ रा अध्याय. 'बोल, तुझा दास ऐकत आहे' एवढंच आपल्या लक्षात राहतं. पण रात्री हाक आल्यावर ते पोर तीनदा धावतं ते म्हाताऱ्या एलीकडे, ज्याच्या हाताखाली ते मंदिरात राहायचं त्या याजकाकडे. देवाची हाक त्याला घरातल्या माणसाची वाटली! झोपमोड झाली तरी दर वेळी उठला, म्हणून चौथ्या हाकेला तो तयार होता, असं मला वाटतं; फादर कदाचित वेगळं सांगतील. निरोप आला तोही एलीच्याच घराण्याच्या शिक्षेचा. सकाळी एली म्हणतो, माझ्यापासून काही लपवू नकोस, आणि सगळं ऐकून घेतो. माझ्या मते त्या गोष्टीत ऐकावं तर एलीसारखं.

'देवाने मला सांगितलं' असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यांपासून मी जरा लांबच राहतो. त्यांच्या देवाचं आणि त्यांचं कधी बिनसत नाही. त्यापेक्षा संत इग्नेशियस लोयोलांची रीत बरी. १५२१ मध्ये तोफगोळ्याने पाय मोडून ते अंथरुणाला खिळले होते. पराक्रमाची स्वप्नं रंगवली की तेवढ्यापुरती मजा वाटे, मग मन कोरडं पडे. संतांच्या वाटेने जायचा विचार केला की समाधान नंतरही टिके. हा फरक त्यांनी हेरला. झोपण्याआधी मीही तेच चाचपतो : आज कोणाचं बोलणं मधेच तोडलं, आणि मागे मनात काय उरलं?

सकाळी शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या कथेतला, एक उतारा दोनदा मोठ्याने वाचतो, मग दहा मिनिटं काही मागत नाही. फोन स्वयंपाकघरात. त्यातली पहिली आठ मिनिटं घरपट्टी आणि मुलाची फी आठवण्यात जातात. तुमचीही जातील, जाऊ द्या.

विहीर अजून आहे. धाकटा भाऊ नाराज आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर त्याच्याकडे जाऊन बसणार आहे.