मुंबईच्या मैल्याचा इतिहास लिहिताना

पुणे

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. एकोणिसाव्या शतकातील मुंबईची सार्वजनिक स्वच्छता हा विषय निवडलास, हे उत्तम झाले. मात्र पहिली तीन प्रकरणे कायदे, समित्या आणि गटारांची बांधकामे यांनीच भरली आहेत. ज्यांच्या डोक्यावरून शहराची घाण रोज बाहेर जात होती, ती माणसे थेट चौथ्या प्रकरणात भेटतात. हा क्रम बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईची दप्तरे उघडण्यापूर्वी इथल्याच पेठांतून एक फेरी मार. काही जुन्या वाड्यांच्या पाठीमागे माणूस जेमतेम अंग चोरून जाईल असा बोळ अजून दिसतो आणि भिंतीत जमिनीलगत विटांनी बुजवलेली तोंडे आढळतात. संडासाखालची टोपली तिथून ओढून काढली जाई. ती काढणारा घरातल्यांच्या नजरेस पडू नये, त्याचे पाऊल घरात पडू नये, याचीही सोय त्याच बोळाने केली होती. मुंबईत हीच रचना घरगल्लीच्या रूपाने उभी राहिली. फक्त तिथे माळ्यावर माळे चढलेले असल्याने मैला, मोरीचे पाणी आणि खिडकीतून भिरकावलेला केरकचरा असे सगळेच त्या गल्लीत साचे. बांधकामातच जात कशी बसवलेली असते, हे तिथे उभे राहिल्यावर जितके कळेल तितके कोणत्याही अहवालातून कळणार नाही.

कचरा आणि मैला यांची गल्लत करू नकोस. रस्त्यावरचा केर, राख आणि तबेल्यांतील लीद उचलणे वेगळे आणि संडासातला मैला वाहणे वेगळे. दोन्हींची माणसे वेगळी आणि हिशेबही वेगळा. मैल्याचे काम हलालखोरांकडे असे आणि त्यासाठी मालमत्तेवर वेगळी हलालखोर पट्टी बसे. १८८८ च्या महापालिका कायद्यात ती नावानिशी आहे. कचऱ्याचा उपयोग मात्र शहराने फार हिशेबीपणाने केला: बेटांमधल्या सखल जमिनी त्यानेच बुजवल्या आणि त्या भरावावर पुढे वस्त्या उभ्या राहिल्या.

ही सखल जमीन हीच गटारांची खरी अडचण होती. तिचा बराचसा भाग भरतीच्या पातळीखाली असल्याने सांडपाणी ओहोटीखेरीज समुद्रात उतरेना आणि अखेर वरळीला लव्हग्रोव्ह येथे ते उपसून बाहेर टाकण्याची व्यवस्था करावी लागली. विहारचे पाणी १८६० मध्येच शहरात आले होते. आलेले पाणी घाणीसकट बाहेर काढण्याची सोय मात्र कितीतरी मागे राहिली. मधली सगळी पोकळी टोपलीने भरून काढली. तुझा प्रबंध या वाक्याभोवती उभा राहील असे मला वाटते.

सरकारला हे अवलंबित्व ठाऊक होते. १८८९ मध्ये हलालखोरांनी संप केला आणि १८९० च्या कायद्याने पूर्वसूचनेवाचून काम सोडणे हा गुन्हा ठरला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तेव्हा घाण आणि दूषित हवा यांवरच भर असल्याने गटारांत समुद्राचे पाणी आणि जंतुनाशके ओतण्यात आली. पिसवांचा संबंध पॉल-लुई सिमोंने १८९८ मध्ये दाखवला. त्याआधी, १८९६ च्याच ऑक्टोबरमध्ये, रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचा हुकूम निघाला आणि महिनाअखेरीस तो सैल करण्यात आला. त्यामागचे एक कारण आयुक्त स्नो यांनी नोंदवले आहे: हलालखोर शहर सोडून गेले, तर मुंबई राहण्यायोग्यच उरणार नाही, ही भीती. तुझ्या आराखड्यात या माघारीचा उल्लेखही नाही, याचे नवल वाटले.

अहवाल वाचताना एवढे ध्यानात ठेव, की लिहिणारा अधिकारी पुढच्या वर्षीचा पैसा मागत असतो. म्हणून मागचे सारे गलिच्छ आणि त्याच्या कारकिर्दीपासून सुधारणा, हा सूर जवळजवळ ठरलेला. आर्थर क्रॉफर्ड १८६५ मध्ये मुंबईचे पहिले आयुक्त झाले. त्यांनी शहर झाडून काढले हे खरे, पण खर्च इतका वाढवला की करदाते खवळले आणि १८७१ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. (हेच गृहस्थ पुढे पुण्यात मध्य विभागाचे आयुक्त असताना १८८८ च्या लाच प्रकरणात गाजले, त्याची हकीकत रंजक असली तरी तुझ्या प्रबंधात तिला जागा नाही.)

आता १८९७ मधल्या मुंबई आणि पुण्याच्या प्लेग-बंदोबस्ताची तुलना करशील, तेव्हा इथे रँड आणि तिथे प्लेग समितीचे प्रमुख जनरल गॅटेकर, एवढ्यावर थांबू नकोस. सोजिरांच्या घरझडत्या चालू असताना मैला कोण उचलत होते, त्यांना कोणते भत्ते, कोणती सूट वा कोणती धमकी मिळाली, हे दोन्ही नगरपालिकांच्या त्या वर्षीच्या कागदांत शोध. ती टिपणे झाली की नव्या क्रमाचा आराखडा घेऊन ये. दुपारी चारनंतर मी घरीच असतो.